हळदीची परीक्षा कोणी, कधी आणि कशी घेतली?

#धागा

१/
ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीवर दिलेले स्वतःचेच एक पेटंट अमान्य ठरवले. भारतात या बातमीचे स्वागत एखाद्या युद्धविजयासारखे झाले. तेव्हापासून एक वाक्य आपल्याकडे वारंवार ऐकू येते : ‘हळदीचे औषधी गुण शेवटी अमेरिकेलाही मान्य करावे लागले.’ वाक्य सुखावणारे आहे. परंतु ते इतिहासाला धरून नाही. त्या प्रकरणात हळदीच्या गुणांची परीक्षा झालीच नव्हती.

२/
मग ती परीक्षा कुठे झाली? ‘दाहशामक’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’ ही दोन बिरुदे हळदीला केव्हा आणि कोणत्या प्रयोगांमुळे लाभली? त्या प्रयोगांतून नेमके काय सिद्ध झाले, आणि काय झाले नाही? संहिताग्रंथांपासून आजच्या रुग्णचाचण्यांपर्यंतचा हा प्रवास या धाग्यात पाहू. शेवटी पेटंटच्या प्रकरणाकडे परत येऊ, कारण तोवर त्याचा खरा अर्थ स्पष्ट झालेला असेल.

३/
आरंभी एक खुलासा. औषधी मुळांच्या यादीत हळद हमखास असते. मात्र वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हळद हे मूळ नव्हे, ते जमिनीखाली वाढणारे खोड आहे. सांगलीकडचा शेतकरी तिच्यात जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडे असा भेद करतो. आपण वापरतो ती हळद म्हणजे शिजवून, वाळवून, पॉलिश करून दळलेली हळकुंडे. त्या पुडीत कर्क्युमिन आणि त्याच्या जवळची पिवळी द्रव्ये साधारणपणे २ ते ५ टक्के असतात. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो महत्त्वाचा ठरेल.

४/
आता ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात ५० ‘महाकषाय’ दिले आहेत. महाकषाय म्हणजे एका विशिष्ट कार्यासाठी एकत्र नोंदवलेल्या दहा औषधींचा गट. हरिद्रा, म्हणजे आपली हळद, त्यांपैकी लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या गटांत येते. सोप्या शब्दांत सांगायचे तर वाढलेला मेद खरवडून काढणारी, त्वचारोगांवर चालणारी आणि विषावर उपयोगी पडणारी औषधी. सुश्रुतसंहितेत तर ‘हरिद्रादि’ नावाचा स्वतंत्र गणच आहे.

५/
याच अध्यायात सूज उतरवणाऱ्या औषधींचाही एक गट आहे : श्वयथुहर महाकषाय. त्यात हळद नाही. त्यात आहेत पाटला, अग्निमंथ, श्योनाक, बिल्व, काश्मर्य, कंटकारी, बृहती, शालपर्णी, पृश्निपर्णी आणि गोक्षुर. मराठीत सांगायचे तर पाडळ, ऐरण, टेटू, बेल, शिवण, रिंगणी, डोरली, सालवण, पिठवण आणि गोखरू. आयुर्वेदात ‘दशमूळ’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्याच या दहा वनस्पती.

६/
याचा अर्थ हळदीचा सुजेवर वापर होत नव्हता असा मुळीच नाही. मुरगळलेल्या पायावर हळदीचा गरम लेप लावण्याची रीत घराघरांत आहे, आणि लेपांच्या शास्त्रीय पाठांतही हळद आढळते. मुद्दा वर्गीकरणाचा आहे. चरकाने सुजेसाठी मुख्य मानलेल्या दहा औषधींत हळद बसत नाही. आज मात्र ‘दाहशामक’ म्हटले की जगाला प्रथम हळदच आठवते. म्हणजे हे बिरुद ग्रंथातून सरळ चालत आलेले नाही. ते कुठेतरी वाटेत जोडले गेले.

७/
येथे भाषांतराचाही प्रश्न आहे. आधुनिक वैद्यकातील ‘दाह’ म्हणजे लाली, उष्णता, सूज आणि वेदना यांनी प्रकट होणारी शरीराची संरक्षक प्रतिक्रिया. आयुर्वेदातील ‘शोथ’ किंवा ‘श्वयथु’ ही संकल्पना त्याहून व्यापक. सर्वांगावर येणाऱ्या सुजेचाही तीत समावेश होतो. दोन परंपरांतील दोन शब्द एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून वापरू लागलो की जुन्या ग्रंथात नसलेला अर्थ आपण नकळत त्यात भरतो. इतिहासाच्या अभ्यासात या चुकीला कालविपर्यास म्हणतात.

८/
सोळाव्या शतकात हळद युरोपीय वैद्यांच्या लेखनात ठळकपणे दिसू लागते. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधीविषयक संवादग्रंथात हळदीचीही चर्चा आहे. पोर्तुगीज तिला ‘या भूमीचे केशर’ म्हणत. हे नाव बोलके आहे : युरोपीय व्यापाऱ्याच्या नजरेत हळदीची पहिली ओळख तिचा रंग ही होती. पुढची जवळजवळ तीन शतके तिच्याकडे याच दृष्टीने अधिक पाहिले गेले.

९/
रसायनशास्त्रानेही हळदीला आधी हाताशी धरले ते रंगासाठीच. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद क्षारात घातला की तांबडा होतो. प्रयोगशाळेत क्षार आणि टाकणखारातले बोरॉन ओळखण्यासाठी तो दीर्घकाळ वापरात होता. आपल्याकडे हे रसायन वेगळ्या रूपात परिचित होते. हळदीला चुना, टाकणखार आणि लिंबाचा रस यांचा संस्कार देऊन कुंकू तयार करण्याची जुनी कृती त्याच रंगबदलावर आधारलेली आहे.

१०/
१८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ‘कर्क्युमिन’ हे नाव दिले. यांतील पेलेतिए पुढे १८२० मध्ये काव्हांतू याच्यासह सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे काढण्यासाठी अजरामर झाला. तो काळच तसा होता. अफूतून मॉर्फीन, सालीतून क्विनीन : प्रत्येक औषधी वनस्पतीत एक ‘कार्यकारी तत्त्व’ दडलेले असते आणि ते हाती आले की वनस्पतीची गरज उरत नाही, अशी श्रद्धा रूढ होत होती.

११/
ही श्रद्धा क्विनीनच्या बाबतीत खरी ठरली. हिवतापावर साल ज्यामुळे चालते ते द्रव्य क्विनीनच होते. हळदीच्या बाबतीत मात्र शोधकांच्या हाती आला तो रंग. औषधी परिणाम ज्यामुळे होतो ते द्रव्य हेच आहे, असे कोणी दाखवलेले नव्हते. तरीही ‘हळदीचे सार म्हणजे कर्क्युमिन’ हे समीकरण हळूहळू पक्के झाले. उरलेला ९५ टक्क्यांहून अधिक भाग, त्यातली सुगंधी तेलेसुद्धा, पार्श्वभूमीला गेला.

१२/
कर्क्युमिनची रेणुरचना उलगडायला जवळजवळ एक शतक लागले. १९१० मध्ये मिलोबेंड्झ्का, कोस्तानेत्स्की आणि लाम्पे या पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी ती मांडली. कोस्तानेत्स्की स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात प्राध्यापक होते. १९१३ मध्ये लाम्पे आणि मिलोबेंड्झ्का यांनी ते द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडवले. पुढे १९५३ मध्ये के. आर. श्रीनिवासन यांनी वर्णलेखनाच्या साहाय्याने दाखवून दिले की ज्याला आपण कर्क्युमिन म्हणतो ते बहुधा परस्परसदृश द्रव्यांचे मिश्रण असते.

१३/
औषध म्हणून तपासणी यानंतर वेग घेते. १९३७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पित्ताशयाच्या विकारांवर कर्क्युमिनच्या वापराविषयी ओपनहायमर यांचा निबंध आला. १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याच्या जीवाणुरोधी कार्याची नोंद झाली. पण ‘दाहशामक’ हे बिरुद अजून दूर होते. त्यासाठी आधी सूज मोजण्याची एक खात्रीची पद्धत हवी होती.

१४/
ती १९६२ मध्ये मिळाली. विंटर, रिस्ले आणि नस या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग प्रमाणित केला. समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या कॅराजिनन नावाच्या द्रव्याची सुई उंदराच्या मागच्या पावलात टोचली की काही तासांत पाऊल सुजते. सुई टोचण्याआधी औषध दिले आणि सूज कमी आली, तर औषध दाहशामक. पावलाचे आकारमान मोजता येत असल्यामुळे सूज आकड्यांत मांडता आली. औषधनिर्मितीच्या जगात ही पद्धत अल्पावधीत सर्वमान्य झाली.

१५/
या पद्धतीचा लाभ भारतीय संशोधकांनी उत्तम रीतीने घेतला. स्वातंत्र्यानंतर देशी वनस्पतींची आधुनिक तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमच झाला होता. १९५१ मध्ये लखनौला केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली, तीही अवधच्या नवाबांच्या छत्तर मंझिल या महालात. ज्या महालात कधी नवाबांचा दरबारी थाट होता, तिथे आता अर्क गाळले जाऊ लागले आणि उंदरांची पावले मोजली जाऊ लागली.

१६/
१९७१ मध्ये अरोरा आणि सहकाऱ्यांनी हळदीच्या दाहशामक गुणांचा अभ्यास ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये लखनौच्या संस्थेतील श्रीमल आणि धवन यांचा कर्क्युमिनवरील निबंध आला. त्याच्या शीर्षकातच कर्क्युमिनला ‘नॉन-स्टेरॉइडल दाहशामक’ म्हटले होते. हळदीचे आधुनिक बिरुद ज्या कागदावर ठसठशीतपणे उमटले, तो हा.

१७/
त्या निबंधाची भाषा आजच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी संयत आहे. कॅराजिननच्या तात्पुरत्या सुजेवर कर्क्युमिन हे फिनाइलब्युटाझोन या त्या काळच्या प्रचलित औषधाइतकेच प्रभावी आढळले. दीर्घकालीन दाहाच्या प्रयोगांत मात्र त्याचे सामर्थ्य सुमारे निम्मेच भरले. म्हणजे ज्या संशोधकांनी हळदीला हे बिरुद दिले, त्यांनीच त्याची मर्यादाही त्याच कागदावर लिहून ठेवली होती. पुढे बिरुद तेवढे प्रवास करत राहिले; मर्यादा मागे पडली.

१८/
उंदरानंतर माणूस. १९८० मध्ये देवधर, सेठी आणि श्रीमल यांनी आमवाताच्या १८ रुग्णांवर अभ्यास केला. रोज १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिनची तुलना फिनाइलब्युटाझोनशी केली. कालावधी दोन आठवडे. कोणाला कोणते औषध दिले आहे हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक नसावे अशी दक्षता घेतली होती. १९८६ मध्ये सातोस्कर, शहा आणि शेणॉय यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या दाहावर कर्क्युमिन तपासले. दोन्ही निबंध आशादायक होते. पहिल्याच्या शीर्षकात मात्र ‘प्राथमिक अभ्यास’ असे स्पष्ट लिहिले होते.

१९/
आता दुसरे बिरुद : अँटिऑक्सिडंट. त्यामागची कल्पना १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मांडली. शरीरात सतत निर्माण होणारे ‘मुक्त मूलक’ नावाचे अस्थिर रेणू पेशींची हानी करतात आणि वार्धक्य हे त्या हानीच्या साठ्यातून येते, असा त्यांचा सिद्धांत होता. मग या मूलकांना निष्प्रभ करणारे प्रत्येक द्रव्य आरोग्यदायी असणार, हा तर्क ओघानेच आला. तो सरळ होता; सरळ होता म्हणूनच लोकप्रिय झाला.

२०/
१९५८ मध्ये ब्लॉइस यांनी ‘नेचर’मध्ये एक अतिशय सोपी चाचणी सुचवली. डीपीपीएच नावाच्या स्थिर मुक्त मूलकाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात वनस्पतीचा अर्क घातला आणि जांभळा रंग फिकट होऊन पिवळसर झाला, तर अर्कात अँटिऑक्सिडंट द्रव्ये आहेत. रंग किती उतरला ते यंत्रावर वाचायचे. खर्च थोडा, वेळ तासाभराचा. शतावरीपासून पुनर्नव्यापर्यंत असंख्य मुळांचे अर्क आजही महाविद्यालयीन प्रकल्पांत याच चाचणीतून जातात. कर्क्युमिनच्या अँटिऑक्सिडंट कार्याची नोंद ओ. पी. शर्मा यांनी १९७६ मध्ये केली.

२१/
या चाचणीत काय सिद्ध होते? परीक्षानळीत दोन रसायने एकमेकांशी कशी वागली, एवढेच. नळीला जठर नसते, यकृत नसते, रक्तप्रवाह नसतो. नळीतून शरीराकडे उडी मारणे किती धोक्याचे असते, ते १९९४ मध्ये दिसले. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन या नामांकित अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटले नाही, उलट १८ टक्क्यांनी वाढले.

२२/
२०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली प्रसिद्ध सूची संकेतस्थळावरून काढून टाकली. कारण स्पष्ट होते : नळीत मोजलेल्या या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता, आणि कंपन्या मात्र जाहिरातींत त्यांचा मुक्तहस्ते वापर करत होत्या. सूची गेली, जाहिराती राहिल्या.

२३/
हळदीपुढे आणखी एक अडचण होती. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोहोचतच नाही. १९७८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी उंदरांना ते दिले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश भाग विष्ठेवाटे बाहेर पडला. १९९८ मध्ये शोबा आणि सहकाऱ्यांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. रक्तातले प्रमाण नगण्य होते. त्यासोबत मिरीतील पायपरीन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

२४/
हा आकडा आज प्रत्येक हळदीच्या कॅप्सूलच्या डबीवर असतो. पण मुळात नगण्य असलेल्या गोष्टीची वीसपट वाढसुद्धा लहानच असू शकते. आता तिसऱ्या पोस्टमधला २ ते ५ टक्क्यांचा आकडा आठवा. १९८० च्या अभ्यासातले १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळवायचे, तर रोज साधारण २४ ते ६० ग्रॅम हळद खावी लागेल. फोडणीतील चिमूटभर हळद आणि प्रयोगातील मात्रा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२५/
मोठा धक्का २०१७ मध्ये बसला. कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी औषधरसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात कर्क्युमिनवरील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. कर्क्युमिन तटस्थ द्रावणात काही मिनिटांतच विघटित होऊ लागते; स्वतः चमकते, धातूंना धरते, प्रथिनांना चिकटते. त्यामुळे निरनिराळ्या चाचण्यांत ते ‘काम करते’ असा भास निर्माण होतो. रसायनशास्त्रात अशा फसव्या रेणूंचा स्वतंत्र वर्गच मानला जातो. शंभराहून अधिक रुग्णचाचण्या होऊनही एकही काटेकोर, प्लासिबोशी तुलना करणारी चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असे त्यांनी लिहिले.

२६/
या निष्कर्षाला आव्हानेही मिळाली, आणि संशोधन थांबले नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या संधिवाताच्या ७० रुग्णांवर हळदीच्या अर्काची १२ आठवड्यांची चाचणी झाली. प्लासिबोच्या तुलनेत वेदना अधिक कमी झाल्या. पण एमआरआयवर मोजलेली सांध्यातील दाहजन्य सूज? तिच्यात फरक आढळला नाही. दुखणे उतरले, दाहाची खूण तशीच राहिली. ‘दाहशामक’ या शब्दाबद्दल सावध राहण्यास हे एवढे उदाहरण पुरेसे आहे.

२७/
‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना?’ हा प्रश्नही परीक्षेला बसला आहे. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या संशोधनजाळ्याने हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित यकृतहानीची १० प्रकरणे नोंदवली; त्यांतील एका रुग्णाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक घटक होता. हे स्वयंपाकातील हळदीबद्दल नव्हे, एकवटलेल्या अर्काबद्दल आहे. शोषण वाढवण्याची युक्ती यशस्वी झाली की औषधाबरोबर औषधाचे धोकेही येतात.

२८/
आता पेटंटकडे परत येऊ. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना ‘जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर’ या विषयावर पेटंट क्रमांक ५४०१५०४ मिळाले. सीएसआयआरने १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेलचे आणि त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. या लढ्याला पुढे ‘हळदीघाटीची लढाई’ असेही म्हटले गेले.

२९/
येथे अमेरिकी कायद्यातील एक कलम समजून घ्यावे लागते. शोध ‘नवा’ नाही हे दाखवायचे, तर तो अमेरिकेत आधीच माहीत असल्याचा पुरावा हवा; परदेशातील ज्ञान असेल, तर ते छापील स्वरूपात किंवा पेटंटच्या रूपात हवे. कोट्यवधी भारतीय घरांत जखमेवर हळद दाबली जाते, ही गोष्ट तेव्हाच्या त्या कायद्याच्या लेखी पुरावाच नव्हती. आजीचे ज्ञान चालत नव्हते. कागद लागत होता.

३०/
म्हणून सीएसआयआरने कागद शोधले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील ३२ संदर्भ सादर झाले. काही शंभर वर्षांहून जुने होते. त्यांत एक प्राचीन संस्कृत ग्रंथ होता, तसाच १९५३ चा ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’मधील निबंधही. कार्यालयाने मान्य केले की हा वापर नवा नाही, आणि पेटंट कोसळले. हा अभिलेखांचा विजय होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याचा अभिमान अवश्य बाळगावा.

३१/
पण तेथे विचारलेला प्रश्न एकच होता : ‘हे आधी कोणाला ठाऊक होते का?’ ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्न कोणीही विचारला नाही, आणि विचारण्याची गरजही नव्हती. एखादा वापर हजार वर्षे जुना असणे आणि तो परिणामकारक असणे ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा ग्रंथालयात मिळतो, दुसऱ्याचा रुग्णालयात. एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

३२/
या लढ्यातून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय आकारास आले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध परंपरांतील पाठ पाच आंतरराष्ट्रीय भाषांत उपलब्ध झाले, जेणेकरून पेटंट तपासनिसाला ते वाचता यावेत. उद्देश स्पष्ट होता : आपल्याकडील ज्ञानावर परक्याने मालकी सांगू नये. ते ज्ञान प्रमाणित करणे हा या ग्रंथालयाचा उद्देश नव्हता, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावरच अन्याय करणारे आहे.

३३/
तेव्हा वाचकहो, ‘अमुक मुळात प्रचंड दाहशामक आणि अँटिऑक्सिडंट गुण सिद्ध’ अशी बातमी पुढे आली की चार प्रश्न विचारावेत. परीक्षा कशात झाली : नळीत, उंदरात की माणसात? अख्ख्या वनस्पतीची की एकाच द्रव्याची? मात्रा किती? तुलना कशाशी केली? आणि बातमीत ग्रंथाचा हवाला असेल, तर पाचवा प्रश्न : मूळ ग्रंथात तो शब्द कोणत्या अर्थाने आला आहे?

३४/
लखनौच्या छत्तर मंझिलमध्ये उंदराचे पाऊल मोजून ‘दीर्घकालीन दाहात निम्मेच सामर्थ्य’ असे प्रामाणिकपणे लिहिणारे संशोधक आणि ३२ संदर्भ जमवून परक्या कचेरीत आपली बाजू सिद्ध करणारे संशोधक, दोघेही आपल्याच वारशाचे भाग आहेत. त्यांच्या कामाचा आदर करायचा, तर त्यांनी जेवढे सिद्ध केले तेवढेच सांगावे लागेल.

पुढील धागा सर्पगंधेच्या मुळावर : दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयापासून मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांच्या १९४९ मधील निबंधापर्यंत. शंका आणि दुरुस्त्या अवश्य कळवाव्यात.